खाऱ्या वाऱ्याची रुजुवात

निघोजे गावच्या शिवारात, जिथे माझ्या सासूबाईंच्या आठवणीत कांद्याचे वाफे आहेत आणि माझ्या आठवणीत मोटारींच्या सुट्या भागांना जस्ताचा मुलामा चढविणाऱ्या शेडांची रांग आहे, तिथल्या एका लहानशा प्रयोगशाळेत मी एकवीस वर्षे लोखंडाला समुद्र दाखविण्याचे काम केले. खरा समुद्र तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आसपास, मध्ये सह्याद्रीची भिंत, आणि गावाला पाणी ते इंद्रायणीचे. तरीही दर सकाळी त्या पेटीचे झाकण उचलले की जो उष्ण, खारट, ओला श्वास तोंडावर येई तो मला परका कधीच वाटला नाही, कारण माझे माहेर समुद्राकाठच्या दिवेआगरचे.

कारखान्यात सगळेच त्या पेटीला ‘सॉल्ट स्प्रे’ म्हणत. शुद्ध केलेल्या पाण्यात शेकडा ५ भाग मीठ, आत ३५ अंश उष्णता, आणि ८० चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यात ताशी १ ते २ मिलिलीटर पाणी साचेल इतके संथ, अखंड धुके, असा तिचा कायदा. अमेरिकेत १९३९ साली ही पद्धत प्रथम लेखी झाली आणि बी ११७ या क्रमांकाने आजतागायत चालत आली आहे. नट, बोल्ट, ब्रॅकेट असे जे नमुने आम्ही आत तिरपे टांगत असू, त्यांच्यावर प्रथम पिठासारखा पांढरा गंज फुटे, मग काही दिवसांनी कडेकोपऱ्यांतून लाल गंज डोकावे, आणि कितव्या तासाला काय दिसले याची नोंद वहीत करून ‘७२ तास, पांढरा गंज नाही’ असा शेरा मारला की माल रवाना होई. या शेऱ्यावर मोठमोठ्या हुंड्यांइतका विश्वास ठेवला जातो. पण त्या पद्धतीच्या मजकुरातच एक प्रांजळ कबुली आहे, की निव्वळ या पेटीतल्या निष्कर्षांवरून उघड्या हवेतल्या टिकाऊपणाचे भाकीत केले असता ते क्वचितच जुळते. आणि ही कबुली मी नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचली असली तरी तिचा अर्थ माहेरच्या पडवीत मला कळला, कारण आमच्या पेटीत ज्या प्रकारच्या मुलाम्याने मुदत सहज पार केली होती, त्याच मुलाम्याच्या बिजागऱ्या माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, दारावर एका पावसाळ्यात तांबूस झाल्या होत्या. पेटीत धुके थांबत नाही. किनाऱ्यावर ते थांबते, वाळते, पुन्हा येते, आणि त्या वाळण्यात व भिजण्यात जे घडते ते पेटीला ठाऊक नसते. हा विचार मनात घर करून बसला नसता, तर पुढचा उद्योग मी केला असता असे वाटत नाही.

२०१७ सालच्या हिवाळ्यात पुण्याच्या एका रोपवाटिकेतून मी काही वायुजीवी रोपे आणली. ‘एअर प्लांट’ या नावाने ती विकली जातात. मूळची अमेरिका खंडातली, अननसाच्या कुळातली, टिलँडसिया नावाच्या साडेसहाशेंहून अधिक जातींच्या प्रजातीतली. मुळे केवळ धरून राहण्यापुरती. पाणी आणि अन्नद्रव्ये पानांवरील रुपेरी शल्कांतून आत जातात, आणि ते शल्क कोरडे असता उन्हाला परतवतात व ओले होताच पारदर्शक होऊन खालचा हिरवा रंग उघडा करतात. नावाची कथा मला फार आवडली. सतराव्या शतकात एलियास टिलांड्झ नावाचा एक वैद्य व वनस्पतिज्ञ होता, जो आबो, म्हणजे आजच्या फिनलंडमधील तुर्कू, येथे अध्यापक झाला. तरुणपणी स्टॉकहोमला जाताना समुद्राने त्याचे असे हाल केले की परतीचा प्रवास त्याने बोथनियाच्या आखाताला वळसा घालून जमिनीवरून केला, अशी हकीकत लिनियसने नोंदवली आहे, आणि पाण्याचा तिटकारा असणाऱ्या या माणसाचे नाव त्याने पाण्याला नावड दाखविणाऱ्या या वनस्पतींना दिले. आपली समजूत अपुरी होती हे लिनियसला कळण्याचा संभव नव्हता. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, जिथे वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही अशा अटाकामाच्या वाळूवर, याच प्रजातीतल्या काही जाती समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर पोसल्या जातात. म्हणजे समुद्राला भिणाऱ्या माणसाचे नाव ज्यांनी धारण केले, त्यांतल्या कित्येकांची समुद्र हीच दाई आहे. हे वाचले त्या दिवशीच मी ठरविले की ही रोपे दिवेआगरला न्यायची आणि खाऱ्या वाऱ्यापुढे उभी करायची.

या झाडांच्या श्वासोच्छ्वासाची तऱ्हाही सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. दिवसा त्यांची पर्णरंध्रे मिटलेली असतात. रात्री, हवा थंड व ओलसर झाल्यावर, ती उघडतात, कर्बवायू आत घेऊन मॅलिक आम्लाच्या रूपाने साठवून ठेवतात, आणि दिवसा दारे बंद ठेवून त्याच साठ्यावर प्रकाशसंश्लेषण करतात. या व्यवहाराचा एक जुना सुगावा आपल्याच देशात लागला: मद्रासच्या इंग्रज सरकारच्या चाकरीतील बेंजामिन हाइन या वनस्पतिज्ञाने पानफुटीची पाने सकाळी चाखली तेव्हा ती आंबट लागली आणि दुपारनंतर ती बेचव झाली, व ही गोष्ट त्याने पत्राने कळविली, जी १८१५ साली छापून आली. आमच्या निघोज्याच्या घरामागे पानफुटी आहे. मी तिचे पान पहाटे चावून पाहिले आणि दुपारी दोनच्या सुमारास पुन्हा पाहिले. सकाळचा आंबटपणा जिभेवर स्पष्ट उमटला होता. दुपारच्या पानाला गवताइतकीही चव नव्हती. वीस वर्षे ब्युरेटने आम्ले मोजणाऱ्या माणसाला जिभेने झालेल्या त्या रुजुवातीने जो आनंद दिला, तो फार थोड्या अहवालांनी दिला असेल.

रोपे घेऊन मी माहेरी गेले तेव्हा आबांनी ती हातात घेऊन, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “बाय, ही बांडगुळं कशाला आणलीस वाडीत? आहेत ती उपटता उपटता हात मोडले.”

त्यांचे म्हणणे समजण्यासारखे होते. आंब्यावर चढणारे खरे बांडगूळ झाडाच्या सालीत मूळ रोवून त्याचा रस पिते, आणि ज्या माणसाचे आयुष्य सुपारी-नारळाच्या वाडीत गेले त्याला दुसऱ्याच्या अंगावर वाढणारे काहीही शत्रूच वाटणार. मी त्यांना सांगितले की ही जात अपिवनस्पतीची. झाडाकडून ती फक्त बसायला जागा मागते. ते काही वेळ गप्प राहिले, आणि मग मला मागीलदारी घेऊन गेले, जिथे विहिरीवर झुकलेल्या जुन्या फणसाच्या दुबेळक्यात सीतेची वेणी वाढत होती. जाड, पन्हळीसारखी पाने, खाली लोंबणारी बोटाएवढी पांढरट मुळे, आणि मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस दाराशी येऊन थांबलेला असताना, जांभळट ठिपक्यांच्या फुलांनी गच्च भरलेला लोंबता तुरा. आसामने याच फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे आणि तिकडच्या मुली बिहूच्या सणाला ते केसांत माळतात. आमच्या आजीने ते एकदाही तोडू दिले नाही. “ही तशीच का मग?” आबांनी विचारले. मी म्हटले, तशीच; समुद्रापलीकडची चुलत बहीण समजा. कूळ निराळे, पण धंदा तोच: तिकडे पानावरचे शल्क पाणी टिपतात, इथे मुळांवरचे ते पांढरे, स्पंजासारखे आवरण टिपते. त्या दिवसापासून आबांनी माझ्या प्रयोगाला हरकत घेतली नाही, आणि सीतेची वेणी, जिला मी अगदी लहानपणापासून पाहत आले होते, ती माझ्या वहीतला पहिला नमुना झाली.

जागा तीन ठरविल्या. पहिली विहिरीजवळ, वाडीच्या दाट सावलीत. दुसरी पश्चिमेच्या पडवीत, पागोळ्यांच्या आतल्या बाजूला. तिसरी वाडीच्या टोकाच्या कुंपणावर, जिथून सुरूचे बन ओलांडले की वाळू लागते. प्रत्येक ठिकाणी तीन जातींची रोपे: मेक्सिकोकडची ठेंगणी आयोनँथा, ब्राझीलच्या किनारी वाळूत वाढणारी स्ट्रिक्टा, आणि राखाडी जटांसारखी लोंबणारी ती जात जिला ‘स्पॅनिश मॉस’ म्हणतात व जी वाळवून एके काळी अमेरिकेत मोटारींच्या गाद्यांत भरीत असत. मोटारींच्या भागांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना हा दूरचा ऋणानुबंध सांगायला मला आवडे.

पहिल्याच खेपेला एक चूक झाली, जी माझ्याकडून होऊ नये अशी होती. रोपे बांधायला मी तांब्याची तार वापरली. लवचीक, न गंजणारी, हाताशी असलेली. तांबे या कुळाला विष आहे. जे पान हवेतून येईल ते सर्व शोषून घेते त्याला काय घ्यावे व काय टाळावे याचा विवेक ठेवण्याची सोय निसर्गाने दिलेली नाही, आणि याच कारणास्तव ब्राझीलमध्ये साओ पावलो शहराच्या हवेतील धातूंचा माग काढण्यासाठी संशोधकांनी याच जटाधारी जातीचा उपयोग केला. दिवसभर तांबे-जस्ताच्या द्रावणांत वावरणाऱ्या मला हे आधी सुचायला हवे होते. कुंपणावरच्या खाऱ्या दवाने तार हिरवी पडली, तो हिरवा ओघळ पानांवर उतरला, आणि त्या जागची तिन्ही रोपे काळी पडून गेली. समुद्राचा त्यात फक्त हात होता. दोष तारेचा, म्हणजे माझा. दुसऱ्या खेपेपासून आबांनी स्वतः वळलेल्या सुंभाने रोपे बांधली, आणि ते काम त्यांनी पुढे कोणाला करू दिले नाही.

वाऱ्यात मीठ किती, हे अंदाजाने लिहिणे मला पटण्यासारखे नव्हते. गंजाच्या शास्त्रात त्यासाठी ओल्या वातीची पद्धत आहे: बाटलीत शुद्ध पाणी व ग्लिसरीन घालायचे, तिच्या तोंडातून वर आलेल्या नळीभोवती गॉजची पट्टी गुंडाळून टोके पाण्यात सोडायची, वर छप्पर धरायचे, आणि वारा जे मीठ त्या ओल्या पट्टीवर ठेवून जाईल ते धुऊन मोजायचे. तिन्ही जागी मी अशा बाटल्या ठेवल्या. वहिनी दर महिन्याला पट्ट्या बदलून एसटीने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवीत असे, आणि निघोज्याला दिवसाचे काम आटोपल्यावर मी त्या क्रोमेटच्या पिवळ्या द्रावणात सिल्व्हर नायट्रेट थेंबाथेंबाने सोडीत असे, तो विटकरी रंग टिकून राहीपर्यंत. विहिरीजवळची पट्टी चार-दोन थेंबांत लाल होई. कुंपणावरच्या एप्रिल-मेच्या पट्टीला ब्युरेट पुन्हा भरावे लागे. मधले अंतर तीन-चारशे पावलांचे. तेवढ्या अंतरात सुरूचे बन, नारळाच्या दोन रांगा आणि सुपारीची दाटी मिळून वाऱ्याच्या अंगावरचे मीठ उतरवून घेत होती, आणि त्यांच्यामागे मिरवेल, जायफळ व आमचे घर सुखाने नांदत होते, ही गोष्ट लहानपणापासून ज्या वाडीत खेळले तिच्याबद्दल मला त्या बाटल्यांनी सांगितली.

एकदा, वरिष्ठांची रीतसर परवानगी घेऊन, एक आयोनँथा मी आमच्या पेटीतही ठेवली. २४ तास. बाहेर काढली तेव्हा ती टवटवीत दिसत होती, आणि प्रयोगशाळेतल्या मुलांनी कौतुक केले. मीही नोंद केली की परिणाम नाही. सोळाव्या दिवशी मधले पान सहज धरले तर ते हातात आले. त्याच्यामागून दुसरे, तिसरे. आतला गाभा कुजून गेला होता आणि बाहेरची पाने मात्र तशीच रुपेरी, ताठ. लोखंड आपले मरण तत्काळ सांगते, गंजाने. या रोपांचे मरण आठवड्यांनी कळते, आणि तोवर ती जिवंतांसारखी दिसतात. वहीतील ‘तास’ या रकान्यावर मी त्या संध्याकाळी रेघ मारली. त्या एका रोपाचे मला आजही वाईट वाटते, कारण सागराच्या पाण्यात मिठाचे प्रमाण शेकडा साडेतीन असते, आणि कोणत्याही किनाऱ्यावर, कोणत्याही रात्री, त्याला न मिळालेली अशी यातना मी त्याला दिली होती: रात्र झाली तरी वारा नाही, दव नाही, पान वाळण्याची उसंत नाही.

२०१८ व २०१९ हे दोन पावसाळे या रोपांनी दिवेआगरात काढले, आणि जे निष्पन्न झाले ते माझ्या अपेक्षेच्या उलट होते. मला धास्ती मिठाची होती. मीठ त्यांनी सोसले: मे महिन्यात कुंपणावरच्या स्ट्रिक्टाच्या पानांची टोके करपत, आयोनँथा आवळून मुठीएवढ्याची सुपारीएवढी होई, परंतु पहिल्या वळवाने मीठ धुऊन जाताच आठवड्याभरात गाभ्यात नवा हिरवा रंग दिसे. मेली ती विहिरीजवळची. जिथे मीठ नव्हते, ऊन नव्हते, वारा नव्हता, जी जागा मी सर्वांत सुरक्षित म्हणून निवडली होती, तिथे जुलैच्या झडीत पंधरा-पंधरा दिवस पान वाळले नाही आणि गोड्या पाण्याने ती आतून कुजली. निघोज्याला वर्षाकाठी सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस. दिवेआगरला त्याच्या चौपट, तोही चार महिन्यांत. ज्यांना समुद्राचे धुके पुरते त्यांना तो पाऊस म्हणजे बुडणेच. कुंपणावर तोच पाऊस पडे, पण तोच खारा वारा तासाभरात पाने कोरडी करून टाकी. जो त्यांचा वैरी म्हणून मी वहीत लिहिला होता, त्याने त्यांना जगविले.

सीतेची वेणी मात्र त्याच विहिरीवर, त्याच झडीत, पाने चकचकीत करून बसली होती. तिची मुळे फणसाच्या सालीवर उघडी लोंबतात. पाऊस त्यांवरून निथळतो, साचत नाही. हजारो वर्षे या पावसाशी जिचा करार आहे तिची गोष्ट वेगळी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढले. टाळेबंदीनंतर कारखाने नुकते कुठे सुरू झाले होते. दुपारनंतर निघोज्यातही वारा असा सुटला की शेडचे पत्रे कागदासारखे वाजू लागले, वीज गेली, आणि खेड-मावळात हरितगृहांच्या चिंध्या झाल्या. सह्याद्री ओलांडून आलेले ते वादळाचे उरलेसुरले अंग होते. माहेरचा फोन लागेना. तो पुढे कित्येक दिवस लागला नाही. ई-पास मिळवून, ताम्हिणी उतरून, माणगाव-म्हसळ्यावरून मी तिथे पोहोचले तेव्हा ज्या वळणावरून एरवी वाडीची गर्द भिंत दिसे तिथून थेट समुद्र दिसला. जन्मात प्रथमच आमच्या ओटीवरून समुद्र दिसत होता.

सुपाऱ्या बहुतेक सगळ्या गेल्या होत्या. आबांच्या वडिलांनी लावलेला श्रीवर्धनी रोठा, काही मध्येच मोडलेल्या, काही एकमेकींवर आडव्या. सुपारीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, आणि आबांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. तलाठ्याच्या पंचनाम्यासाठी दादा चुन्याच्या खुणा करीत हिंडत होता. उभ्या राहिलेल्या झाडांचीही समुद्राकडची बाजू इस्त्रीने जाळल्यासारखी तपकिरी झाली होती. सुरूचे बन विरळ झाले होते, कुंपण नव्हतेच, आणि त्याबरोबर माझ्या बाटल्या व तिसऱ्या जागेचे नमुनेही नव्हते. दोन वर्षे ज्यांच्या काटकपणाच्या मी नोंदी केल्या ती रोपे मीठ, ऊन, दुष्काळ सोसायला समर्थ होती. ज्या बांबूला ती बांधली होती तो उभा राहील की नाही, हा प्रश्न माझ्या वहीत कुठेच नव्हता.

विहिरीवरचा फणस मुळासकट उपटून आडवा झाला होता. त्याच्या दुबेळक्यात, आता जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, सीतेची वेणी फुलासकट तशीच होती. तुऱ्याची खालची निम्मी फुले चिखलाने माखली होती, वरची कोरी. लहानपणापासून जिच्याकडे मान वर करून पाहिले तिच्यापुढे मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसले. आबा काठी टेकीत आले. ते सुपाऱ्यांविषयी एक अक्षर बोलले नाहीत. “हिला आज उचलली पाहिजे,” ते म्हणाले, “फणस सुकला की साल सुटेल.”

दादाने करवतीने फांदीचा तेवढा तुकडा, सालीसकट, मुळांना धक्का न लावता कापून घेतला. कुठे बांधायचा यावर थोडा विचार झाला. आंबा उरला होता पण तो हलत होता. शेवटी समुद्राच्या बाजूला, वादळाने पाने ओरबाडून नेलेली असूनही बुंध्यात न हललेली जुनी उंडी आबांनी निवडली. उंडी हे किनाऱ्याचेच झाड. त्याने खारा वारा जन्मभर खाल्लेला. जागा उघडी होती, मीठ जास्त लागणार होते, आणि माझ्या पट्ट्यांच्या आधाराने मी ते बोलूनही दाखविले. आबा म्हणाले, “मीठ पाऊस धुवील, बाय. झाड उभं असलं पाहिजे.” त्यांनीच सुंभ वळला, दादाने बांधला, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात मी वहीत ‘जागा’, ‘वारा’, ‘मीठ’, ‘शेरा’ या रकान्यांच्या शेजारी ‘आधार’ असा नवा रकाना आखला.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यापासून दूर, गुजरातेकडे जाताना दिवसभर खारे पाणी फेकीत गेले. उंडीची कोवळी पालवी करपली; वेणीची दोन पाने काळी पडून गळाली, आणि त्या वर्षी तिला तुरा आला नाही. २०२२ च्या मेअखेर मी गेले तेव्हा एक तुरा होता, आखूड, पण भरलेला. फणसाचा तो तुकडा कुजून भुगा होत आला होता. मी त्याच्या कडेने हात घालून, पेटीतल्या त्या रोपाचे पान धरले होते तितक्याच हलक्या हाताने, एक मूळ ओढून पाहिले. ते आले नाही. तुकडा ओलांडून ते उंडीच्या सालीच्या भेगांत उतरले होते, आणि त्याच्या शेजारची आणखी चार.

मी आबांना सांगितले. त्यांनी खुर्चीतूनच दादाला हाक मारली, कोयता मागितला, आणि सुंभाची गाठ सोडायला सांगितली.